अधिकारी होणाऱ्यांनी भरतीच्या गाइडांपलीकडे काय वाचावे?

प्रश्न : अभ्यासिकावाला, दर्यापूर तालुका

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात गेली सहा वर्षे अभ्यासिका चालते. पहाटे पोरे-पोरी पांदण रस्त्याने धावून येतात, हातपाय धुतात आणि टिनाखाली उन्हे तापेपर्यंत वाचत बसतात. कपाटात पोलीस भरतीची गाइडे, सामान्य ज्ञानाची पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच आणि ओल लागून फुगलेले दोन शब्दकोश एवढाच ऐवज आहे.

माझी पुतणी कृषी पदवीधर आहे. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची सीडीएसची लेखी परीक्षा आणि त्यानंतरची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत पार करून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी तिची निवड झाली असून रुजू व्हायला अजून तीन महिने आहेत. परवा ती म्हणाली, "काका, निवड होण्यासाठी काय वाचायचे ते सगळे सांगतात, पण निवड झाल्यावर काय वाचायचे ते कोणीच सांगत नाही. थोड्याच दिवसांत माझ्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या जवानांची पलटण माझ्या हाती येणार आहे." माझ्याजवळ उत्तर नव्हते. परदेशी सेनाप्रमुखांनी आपल्या अधिकाऱ्यांसाठी काढलेल्या वाचनयाद्या मी पाहिल्या, परंतु त्यांतल्या बऱ्याच लेखकांची नावेच मला नीट उच्चारता येईनात.

लोकवर्गणीतून ७,००० रुपये जमले आहेत. पुस्तके पुतणीच्या कामी यावीत आणि नंतर कपाटात राहून मराठी माध्यमातून शिकलेल्या इतर मुलांनाही वाचता यावीत, अशी इच्छा आहे. जाणकारांनी मोजकीच नावे सांगावीत आणि ती का वाचावीत हेही लिहावे.

उत्तर : निवृत्त सुभेदार, मोर्शी तालुका

भाऊ, प्रथम एक दुरुस्ती. फौजेत पलटण म्हणजे अख्खी बटालियन. नव्या लेफ्टनंटच्या हाती सुरुवातीला प्लाटून किंवा तेवढीच तुकडी येते, म्हणजे साधारण तीस-पस्तीस माणसे. त्यांचा जेसीओ, म्हणजे शिपायापासून वर चढलेला सुभेदारासारखा अधिकारी, बहुधा तिच्या वडिलांच्या वयाचा असेल. तिला पहिली दोन वर्षे तोच शिकवणार आहे, आणि हे तिने मनाला लावून घेऊ नये.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि माझे इंग्रजी फौजेतच झाले. एका पोस्टिंगवर आमचे कंपनी कमांडर पावसात गस्त परत आली की स्वतःचा चहा बाजूला ठेवून जवानांना बूट-मोजे उतरवायला लावायचे आणि टॉर्च धरून प्रत्येकाच्या पायाच्या बोटांमधली कातडी पाहायचे. आम्हाला सुरुवातीला हसू यायचे. पुढे दुसऱ्या कंपनीतले लोक पाय सडल्यामुळे दवाखान्यात जाऊ लागले, पण आमच्यातला एकही गेला नाही, तेव्हा ते हसू थांबले. हे कुठून शिकलात, असे विचारल्यावर त्यांनी मला फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांचे 'डिफीट इंटू व्हिक्टरी' हे पुस्तक वाचायला दिले. मी ते एका सुट्टीत वाडीतल्या बाजेवर पडून शब्दकोशाच्या आधाराने वाचले, आणि त्यापायी त्या वर्षी संत्र्याला पाणी देण्याची पाळी दोनदा चुकली.

हे पुस्तक १९५६ साली निघाले. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून मार खाऊन मागे आलेली फौज १९४५ मध्ये तोच मुलूख परत कशी घेते, याची ती हकिकत आहे, आणि त्या फौजेत सर्वांत मोठी संख्या भारतीय जवानांची होती. लढायांची वर्णने तर चांगली आहेतच, पण पुतणीला आजारपणाबद्दलची पाने आधी वाचायला सांगा. स्लिम यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा जखमी म्हणून मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजारी म्हणून पाठवलेली माणसे १२० होती. हिवतापावर मेपाक्रिनची गोळी रोज घ्यायची होती, परंतु जवान ती टाळत. तेव्हा स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या आणि जिच्यात ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोक गोळी घेताना आढळतील, त्या तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरला काढायचे ठरवले. तीन जणांना काढावे लागले, तेवढ्यात बाकीचे समजले. गोळी जवान टाळतो, पण नोकरी साहेबाची जाते, हा हिशेब नव्या अधिकाऱ्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.

उत्तर : इतिहासाचा शिक्षक, अचलपूर

सुभेदारसाहेबांचा मुद्दा मला आमच्या बाजूने पुढे न्यावासा वाटतो. शौर्याच्या गोष्टी वाचून पोरांचे रक्त गरम होते, आणि त्यात वाईट काहीच नाही. परंतु तोफ त्या जागेपर्यंत कोणी व कशी ओढून नेली आणि बैलाला त्या दिवशी काय घातले, हे ज्या कागदात लिहिलेले असते तो कागद नेतृत्व जास्त शिकवतो.

असा कागद मराठीत आहे आणि तो चारशे पानांचाही नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले पत्र कोणत्याही बऱ्या पत्रसंग्रहात सापडेल. पावसाळा तोंडावर आहे आणि घोड्यांसाठी दाणा व गवत मोजके आहे, तेव्हा आजच मनमानी खर्च केलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे ते बजावतात. मग जवान कुणब्याच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी उचलील, आणि जे कुणबी कसाबसा जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील. त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. त्यापुढे चुली, आगट्या, तंबाखूसाठी नेलेला विस्तव आणि रात्री जळता ठेवलेला दिवा यांबद्दल ताकीद आहे, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज जळेल. राज्य उभारणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो! मी दहावीच्या वर्गात हे पत्र दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी त्या ओळीला थांबतो.

त्याला जोडून रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील किल्ल्यांचे प्रकरण वाचावे. भाषा जुनी आहे, पण टिपांसह छापलेली प्रत मिळते, आणि गडावरील पाणी, झाडी व माणसांच्या नेमणुका यांबाबतचा मजकूर आजही सरळ कळतो.

दुसरी गोष्ट अशी की, वाचलेले पायांनी तपासता आले तर तसे करावे, आणि आपल्या भागात ते विनाखर्च करता येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी भोसल्यांनी देवगावचा तह केला. इंग्रजांचे सेनापती आर्थर वेलस्ली यांचे त्या मोहिमेतले अहवाल छापलेले आहेत आणि त्यांतला बराचसा मजकूर साध्या इंग्रजीत आहे. अडगावला तोफांचा मारा सुरू होताच त्यांच्या तीन पलटणी फुटून पळाल्या. त्याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी असईला उत्तम लढल्या होत्या. वेलस्ली जवळच होते म्हणून त्यांना पुन्हा रांगेत उभे करता आले. काल शूर असलेला माणूस आज का पळाला, हा प्रश्न पुतणीने वहीत लिहून ठेवावा. मला त्याचे एकच एक उत्तर सापडलेले नाही.

गाविलगडाची कथा तर निम्म्याहून अधिक रस्त्याचीच आहे. किल्ल्याला उत्तरेकडच्या पठाराच्या बाजूनेच भिडता येण्यासारखे होते, म्हणून कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजेने जड तोफा सुमारे ३० मैलांच्या डोंगर-दऱ्यांतून, वाट स्वतः तयार करत, हातांनी ओढून नेल्या. १३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या आणि दोन दिवसांनी भगदाडातून फौज आत शिरली. आतल्या किल्ल्याच्या भिंतीला मात्र भगदाड नव्हते. तिथे एका छोट्या तुकडीने शिडी लावून भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारले गेले. हा आपल्या बाजूचा पराभव आहे, म्हणून तो वाचायचा नाही असे आमच्याकडे अनेकांना वाटते. मला उलट वाटते. चिखलदऱ्याला जाऊन मक्याचे कणीस खाऊन परत येणाऱ्या मुलांना एकदा अहवाल हातात देऊन त्या भिंतीपाशी उभे करा.

उत्तर : दोनदा परतलेला, हिंगणघाट

सर्वांचा मान राखून थोडे वेगळे लिहितो. मी दोनदा एसएसबीला जाऊन पाचव्या दिवसाच्या कॉन्फरन्सनंतर परत आलो आहे. पहिल्या वेळी मी युद्धशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचून गेलो होतो आणि मुलाखतीत सुन त्झूचे एक वाक्य टाकले. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "तुमच्या गावाला पाणी देणाऱ्या विहिरीची खोली किती आहे?" मला ती माहीत नव्हती. विहिरीला उन्हाळ्यात किती तास पाणी असते आणि मोटर कोण सुरू करतो, हेही मला सांगता आले नाही. ज्या गावात जन्म गेला त्याची रसद मला ठाऊक नव्हती आणि मी चिनी सेनापतीची वाक्ये म्हणत होतो.

शब्द दाखवून वाक्य लिहायला लावतात त्या चाचणीत ६० शब्द असतात आणि प्रत्येकाला १५ सेकंद मिळतात. तिथे पाठ केलेले काही आठवत नाही, जे अंगात असते तेच बाहेर पडते. म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना माझे सांगणे असे की, एक पुस्तक कमी वाचा, पण गावाचा नकाशा, पाणी, रस्ते, राशनचे वाटप आणि ग्रामसभेचे इतिवृत्त वाचा.

उत्तर : निवृत्त लेफ्टनंट कर्नल, वर्धा जिल्हा

हिंगणघाटच्या तरुणाने लिहिलेले मला फार आवडले. त्याने वयात बसत असेल तर तिसऱ्यांदा जरूर जावे; आता त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे.

माझी सूचना पराभवाच्या पुस्तकांबद्दल आहे. विजयाच्या वृत्तांतात सगळे निर्णय आधीपासून बरोबर होते असे भासते, म्हणून नव्या अधिकाऱ्याने निदान एक पराभव सावकाश वाचावा. १९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीवर उभ्या असलेल्या ७ ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी होते. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला आणि दोन दिवसांनी ते युद्धकैदी झाले. त्यांचे 'हिमालयन ब्लंडर' १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर सरकारने बंदी घातली होती. हिमालयाच्या थंडीत सुती गणवेशावर, अपुऱ्या पांघरुणावर आणि माणशी जेमतेम ५० काडतुसांवर जवान नदीकाठी उतरवले जातात, वरून येणारे हुकूम नकाशा पाहून दिलेले असतात आणि खालचा माणूस जमीन पाहत असतो, हे त्यात पानोपानी येते. मात्र ते रागाने लिहिलेले पुस्तक आहे, आणि तो राग रास्त असला तरी वाचकाने तो आपला करून घेऊ नये. म्हणून त्याच्याबरोबर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे 'न सांगण्याजोगी गोष्ट' हे त्याच युद्धावरचे मराठी पुस्तक घ्यावे. ते अभ्यासिकेतल्या सर्वांना वाचता येईल.

तिसरे नाव लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' या आत्मचरित्राचे. ते मूळचे कोल्हापूरकडचे. पूर्व विभागाचे मुख्यालय लखनऊला होते तेव्हा, १९६० साली, त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन चीनचा हल्ला झाला तर काय घडेल हे दाखवले होते. पुढे बरेचसे तसेच घडले. वरिष्ठांना न रुचणारी गोष्ट आकडे आणि नकाशे मांडून, आवाज न चढवता कशी सांगावी, हे शिकण्यासाठी ते वाचावे. ही वेळ तिच्यावर सेनापती झाल्यावर नव्हे, पहिल्याच वर्षी येईल.

युद्धशास्त्रावर लिहिणारा जर्मन लेखक क्लाउझेवित्झ आता घेऊ नका. माझी प्रत पंधरा वर्षे पेटीत प्रवास करत होती आणि मी मेजर झाल्यावर ती उघडली. तोपर्यंत माझ्या हातून पुरेशा चुका झाल्या होत्या, त्यामुळे ती समजली.

वाचताना एक पद्धत ठेवावी. प्रत्येक प्रसंगाला पान झाकून वहीत लिहावे की, त्या घटकेला त्या माणसाला काय माहीत होते, काय माहीत नव्हते आणि मी कोणता हुकूम दिला असता. मग पान उघडावे. असे केले की आठवड्याला वीस पानांच्या वर वाचन होत नाही. तेवढे पुरे आहे.

पुन्हा : अभ्यासिकावाला, दर्यापूर तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्लिम, थोरात आणि पित्रे यांची पुस्तके, टिपांसह 'आज्ञापत्र' आणि महाराजांच्या पत्रांचा एक संग्रह इतकी मागणी नोंदवली आहे. दळवींचे पुस्तक पुतणी स्वतःच्या पैशाने घेणार आहे. उरलेल्या पैशातून तालुक्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावू. सुभेदारसाहेब, संत्र्याचा हंगाम आटोपल्यावर एका रविवारी आपण आलात तर येण्या-जाण्याची व्यवस्था आम्ही करू.

चिपळूणचे पत्र एका परिचिताकडून मिळवून काल पहाटे मोठ्याने वाचले. सध्या आमच्याकडे घरोघरी समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला आहे. उंदीर आणि वातीचे वाक्य आले तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उठला, घरी देवाजवळ दिवा लावून आलो आहे एवढे म्हणाला आणि चपला हातात घेऊन पळत सुटला.