तातडीची मदत हवी आहे: परराष्ट्रमंत्र्याची नुसती सही चालते का?

घाईगडबड: उद्या सकाळी अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा आहे. मी परराष्ट्रमंत्री. करारावर सही केली, तर समोरचा संघ म्हणतो, "अधिकारपत्र दाखवा, नाहीतर सही रद्द." दोन तास शोधतोय, सगळीकडे "देशाचे संबंध जपणे" एवढंच. चालते की नाही, एवढंच सांगा.

जुना_वकील: कोणता देश? करारात काय लिहिलंय?

पाटीपेन्सिल: सही सचिव करतो हो, मंत्री फोटोपुरता. अमेरिकेतही सेक्रेटरीच करतो.

बारकावे: अहो, अमेरिकेचा सेक्रेटरी ऑफ स्टेट हाच त्यांचा परराष्ट्रमंत्री! ब्रिटनचा फॉरेन सेक्रेटरीसुद्धा मंत्रीच. शब्द बघून माणसाला खालच्या खुर्चीवर बसवू नका.

जुना_वकील: करारांच्या कायद्याविषयीचा व्हिएन्ना करार, १९६९, कलम ७. राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री या तिघांना पदामुळेच अधिकारपत्र लागत नाही. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या: सहीनंतर अनुसमर्थन लागेल असं कलम आहे का?

घाईगडबड: म्हणजे जिंकलो! हो, शेवटी तसं काहीतरी आहे. महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून लिहिलं नाही.

जुना_वकील: डोक्याला हात लावला. सही खरी, पण देश अजून बांधील नाही. तोवर कराराचा हेतूच हाणून पाडेल असं काही करायचं नाही, इतकंच (कलम १८).

बारकावे: सहीचं काय घेऊन बसलात, तोंडचा शब्दही अंगाशी येतो. २२ जुलै १९१९ ला नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इहलेन डेन्मार्कच्या दूताला म्हणाले, ग्रीनलंडच्या बाबतीत नॉर्वे अडचण आणणार नाही. १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलंडच्या एका भागावर हक्क सांगितला. १९३३ मध्ये तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेच वाक्य नॉर्वेपुढे ठेवलं. चहाच्या सुट्टीत जीभ आवरा.

जुना_वकील: उगाच घाबरवू नका. ते सरकारच्या वतीने दिलेलं अधिकृत उत्तर होतं, चहावरच्या गप्पा नव्हेत.

पाटीपेन्सिल: अवांतर: पदावरच्या परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशातलं न्यायालय अटक करवू शकत नाही. काँगो विरुद्ध बेल्जियम, २००२.

बारकावे: बरोबर आहे, पण विचारलं कोणी?

घाईगडबड: अनुसमर्थन म्हणजे आपल्या संसदेची मंजुरी ना? ती घेतलीय.

जुना_वकील: नाही. ती घरातली बाब. अनुसमर्थन म्हणजे बांधील असल्याचं दुसऱ्या देशांना रीतसर कळवणं. आणि देश कोणता, ते अजून सांगितलं नाहीत.