मदत हवी आहे: खांबावर मोबाईलची पेटी बसल्यापासून रेडिओ घरघरतोय, तक्रार नक्की कुणाकडे करायची?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत. दारासमोरच्या विजेच्या खांबावर दीड महिन्यापूर्वी एका मोबाईल कंपनीच्या माणसांनी राखाडी पेटी आणि तिच्यावर नळकांड्यासारखा अँटेना बसवला. त्याच आठवड्यापासून माझ्या सासऱ्यांचा रेडिओ ऐकण्यासारखा राहिलेला नाही.

आबा 81 वर्षांचे आहेत. सकाळचा चहा व्हायच्या आत सांगली केंद्र लावायचं, मिडीयम वेव्ह 1251 किलोहर्ट्झ, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. ट्रान्झिस्टर जुना, मागचं झाकण सुतळीनं बांधलेलं, आणि डायलवर सांगलीच्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका. आता त्या ठिपक्यावर काटा नेला की नुसती घर्रर्र. बोलणारा माणूस आत कुठंतरी असतो, पण शब्द लागत नाहीत. आबा थोडा वेळ कान लावून बसतात आणि मग हळूच बटण फिरवून बंद करतात. तक्रार करत नाहीत. मला ते बघवत नाही.

"एफएम लावा की," असं सगळे सांगतात. कोल्हापूर आकाशवाणी 102.7 वर स्वच्छ लागते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आबांना सांगलीच ऐकायची असते. दुसरं असं की 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा लाईट गेलेली, मोबाईल बंद पडलेले, आणि माडीवर आम्ही सात माणसं या एका ट्रान्झिस्टरभोवती बसून होतो. राजाराम बंधाऱ्याला 43 फूट म्हणजे धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. सेलवर चालणारा रेडिओ बिनकामाचा झाला, हे मला साधं वाटत नाही.

मी केलेलं असं: घरातला मेन स्विच पाडून बघितला, घरघर तशीच. रेडिओ घेऊन गल्लीत फिरले. खांबाखाली आवाज सगळ्यात मोठा, विठ्ठल मंदिराच्या वळणापाशी जवळजवळ नाही. वीज कंपनीच्या ऑफिसात गेले तर म्हणाले पेटी आमची नाही. मोबाईल कंपनीच्या फोनवर उत्तर मिळालं की आमची यंत्रणा रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर चालतच नाही. दोघांचंही म्हणणं खरं असेल, तर मग आवाज कुठून येतोय?

शेजारी याला रेडिएशनचा विषय करून सह्या गोळा करा म्हणतात. मला त्यात पडायचं नाही. मला फक्त हा आवाज कुठून येतो ते सिद्ध करायचं आहे, म्हणजे कुणी टोलवाटोलवी करू शकणार नाही. जाणकारांनी सांगावं.

तारवाला_मिरज

ताई, मोबाईल कंपनीवाला खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. फाईव्ह-जी आपल्याकडे मुख्यतः 3300 ते 3670 मेगाहर्ट्झवर चालतं. सांगली 1251 किलोहर्ट्झवर, म्हणजे अडीच हजारांहून जास्त पटींनी खाली. अँटेनातून बाहेर पडणारी लहर तुमच्या डायलवर येणार नाही. पण पेटीत पॉवर सप्लाय असतो. तो 230 व्होल्टच्या एसीचं डीसी करताना वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. फिल्टर हलका असला किंवा अर्थिंग नीट नसलं की ती तोडफोड वायरीतून बाहेर येते, आणि खांबावरची तार हीच तिची अँटेना होते. म्हणून ती तारेच्या बाजूने गल्लीभर पसरते.

एफएम स्वच्छ का, तर असल्या गोंगाटाचा जोर मिडीयम वेव्हवर जास्त असतो, आणि एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसतो, फ्रिक्वेन्सीच्या बदलात असतो. उंचीवरची घरघर रेडिओ छाटून टाकतो.

पण लगेच पेटीला दोष देऊ नका. खांबावरून 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची लाईन जाते का? सैल नट, तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर, यातून बारीक ठिणगी उडत राहिली तरी हाच त्रास होतो. पेटी बसवताना शिडी लावताना काही हललंही असेल.

पंचगंगाकाठ

हो दादा, वर 11 केव्ही आहे. फरक कसा ओळखायचा?

चाळीसमीटर

मी इचलकरंजीचा, हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवायचा परवाना आहे. 7 ते 7.2 मेगाहर्ट्झवर बसतो, त्यामुळे असल्या गोंगाटाशी माझं रोजचं भांडण. तीन गोष्टी बघा.

एक, आवाजाची जात. ठिणगीचा आवाज खरखरीत, मोठ्या भुंग्यासारखा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तो 100 च्या तालात येतो आणि डायलभर सारखा पसरतो. पॉवर सप्लायचा आवाज डायलवर ठरावीक अंतराने उसळतो, मध्ये मोकळं सापडतं. पेटी तापली की ती उसळीची जागा किंचित सरकते.

दोन, पाऊस. सैल जोडातली फट ओली झाली की ठिणगी बहुतेक वेळा थांबते. पेटीला पावसाचं काही नाही.

तीन, आणि हीच खरी कसोटी: लाईट गेल्यावर काय होतं? तारेत वीज नाही तर ठिणगी नाही, आवाज त्याच क्षणी जाणार. पेटीला बॅटरी असेल तर ती चालूच राहते.

दिशा हवी असेल तर ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवा. आत फेराईटची (काळ्या चुंबकीय पदार्थाची) कांडी असते, तीच मिडीयम वेव्हची अँटेना. तिचं टोक आवाजाच्या उगमाकडे झालं की आवाज सगळ्यात कमी होतो. दोन-तीन ठिकाणांहून बघा, रेषा कुठं मिळतात ते कळेल.

आणि हात जोडून सांगतो, खांबाला दगड मारून किंवा खांबाला आधार देणारी ताणाची तार ओढून "आवाज बदलतो का" हे बघू नका. काही लोक करतात. वर 11 केव्ही आहे.

पंचगंगाकाठ

आठ दिवसांनी लिहितेय. तुमच्या सांगण्याप्रमाणे वही घातली आहे.

मंगळवारी दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी लाईट गेली. मी रेडिओ चालूच ठेवला होता. लाईट जाताक्षणी अर्धी घरघर बंद! पण पातळ, शिट्टीसारखी दुसरी तशीच राहिली आणि 2 वाजून 52 ला एकदम थांबली. लाईट 3 वाजता आली, तेव्हा दोन्ही परत. म्हणजे आवाज दोन आहेत, आणि मी दीड महिना त्यांना एक समजत होते.

त्यानंतर शुक्रवारी जोराचा पाऊस झाला, जाड घरघर गायब. शिट्टी कायम, आणि डायलवर ती पाच-सहा ठिकाणी सारख्या अंतराने सापडते. आबांनी त्या जागा स्वतः पेन्सिलने मारून दिल्या. कितीतरी दिवसांनी ते रेडिओपाशी एवढा वेळ बसले.

वही घेऊन वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. वायरमन दादांनी नीट वाचली, परवा लाईन बंद करून ते वर चढले. एका क्रॉस आर्मचा (तारा धरणाऱ्या आडव्या पट्टीचा) बोल्ट सैल होता आणि इन्सुलेटरला केसासारखी तडा होती. दोन्हीची दुरुस्ती झाली. जाड आवाज गेला. आता सांगलीच्या बातम्या शब्दन्‌शब्द नाही, पण कळतात.

राहिली ती पेटी. कंपनीकडे लेखी अर्ज द्यायचा आहे. काय मागायचं?

चाळीसमीटर

ताई, अशी वही मी हॅमवाल्यांकडेही क्वचित बघितली आहे. अर्जात "पेटी काढा" लिहू नका, त्याला ते बधणार नाहीत. लिहा की पॉवर सप्लायच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या केबलवर गोंगाट अडवणारी फेराईटची कडी घाला, लाईन फिल्टर तपासा, अर्थिंग मोजा. हे तासाभराचं काम आहे. लाईट गेल्यानंतर आवाज 42 मिनिटं चालू होता, ही ओळ सगळ्यात वर टाका. त्या वेळात तारेत वीजच नव्हती, हे नाकारता येणार नाही.

महिनाभरात काही हललं नाही तर केंद्राच्या दूरसंचार खात्याची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे. रेडिओतला व्यत्यय शोधणं हेच तिचं काम. त्यांना वहीची प्रत पाठवा.

पंचगंगाकाठ

आज रात्रीच लिहिते. पेटीवर एक नंबराची पट्टी आहे, तिचा फोटो काढलाय. खांबावरही रंगवलेला नंबर आहे. अर्जात कुठला घालू?

तारवाला_मिरज

दोन्ही घाला. आणि अर्जाची एक प्रत वीज कंपनीच्या ऑफिसात देऊन पोच घ्या, खांब त्यांचा आहे. आबांना माझा नमस्कार सांगा.