आठवी-नववीच्या मुलींचा आधारगट : कशी सुरुवात करावी?

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेतील काही मुली सतत गप्प राहतात, लहानशा कारणावरून रडतात आणि पाळीच्या दिवसांत तर शाळेतच येत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक तासिका गटचर्चेला मिळू शकते. समुपदेशक नसताना हे शिक्षिकेने करावे का?

उत्तर १ : जरूर करावे, मात्र उपचार म्हणून नव्हे. सहा ते आठ मुली पुरेत; प्रत्येकीशी आधी एकटीने बोलून तिची इच्छा विचारावी, कारण ‘रडक्या मुलींचा गट’ असा शिक्का बसला की पुढच्या आठवड्यात कोणी फिरकत नाही (हे शिक्के बहुधा स्टाफरूममध्येच तयार होतात). चित्र, गोष्ट किंवा काल्पनिक प्रसंगापासून सुरुवात केल्यास स्वतःविषयी बोलण्याची सक्ती राहत नाही.

उत्तर २ : मॅडम, गुप्ततेचे सरसकट आश्वासन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे मुलींना पहिल्याच दिवशी सोप्या शब्दांत सांगावे. स्वतःला इजा करण्याचा तपशील गटात उघड होऊ देऊ नये. तशा मुलीशी त्याच दिवशी स्वतंत्रपणे बोलून, विश्वासातील पालकाला सोबत घेऊन तिला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे क्रमांक फळ्यावर कायम असावेत.

उत्तर ३ : शेवटची तासिका मात्र टाळा; एसटी पकडायची घाई असलेली मुलगी मन मोकळे करत नाही.