४४ डिग्रीत वारा गार करत नाही

अंबानाला :
काल इथे एकाने लिहिलं, "मे महिन्यात पूर्ण बाह्या, जॅकेट ही सगळी शहरी थेरं आहेत. अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घाला, गाडी ७० वर ठेवा, वारा लागला की ऊन जाणवत नाही." त्याला भराभर लाइक पडले, म्हणून राहवलं नाही.

मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. अमरावती, अकोला, खामगाव, सोळा वर्षं, सगळं दुचाकीवर. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता नेतो. ४४ ला तोच वारा उष्णता अंगात भरतो. तरी गार वाटतं, ते घाम उडतो म्हणून. घरचा कूलर आठवा. ताट्या ओल्या आहेत तोवर गार हवा. टाकीतलं पाणी संपलं की तोच पंखा भट्टी होतो. उघड्या हातांवरचा घाम सुटल्या सुटल्या वाळतो, दिसतसुद्धा नाही, आणि टाकी रिकामी होत जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत ओली सुती बनियन, गळ्याभोवती ओला दुपट्टा असेल तर ऊन थेट लागत नाही आणि ओल टिकते.

तीन वर्षांपूर्वी, दुपारी दीडला, बोरगाव मंजूच्या अलीकडे मी बराच वेळ तिसऱ्याच गिअरमध्ये गाडी ओढत होतो. इंजिन ओरडत होतं, ते कानापर्यंत पोचत नव्हतं. टपरीवर थांबलो. पाण्याची बाटली वीसची, हातात पन्नासची नोट, आणि परत किती घ्यायचे ते सुचेना. भर उन्हात हातांवर काटा आलेला. टपरीवाल्या काकांनी काही न विचारता माठातलं पाणी डोक्यावर ओतलं आणि दोन तास खाटेवरून उठू दिलं नाही. तहान म्हणाल तर लागलीच नव्हती.

दाताळा रोड :
ते मीच लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणतो. चंद्रपूरले राहतो भाऊ, ४६ काय असते ते मले नका शिकवू. जॅकेट सात-आठ हजाराचं. पार्सल वाटणारं पोरगं कुठून आणणार? माह्या आजोबानं अर्धी जिंदगी सायकलवर काढली. डोक्याले दुपट्टा, खिशात कांदा. काही झालं नाही त्यायले.

अंबानाला :
जॅकेट घ्या असं मी कुठे म्हटलं? बाबांचा जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट चालतो. कांदा खिशात ठेवून काही होत नाही, जेवणात खा. आजोबांना राखलं ते दुपट्ट्यानं, आणि त्या काळी माणसं बारा ते चार घराबाहेर पडायची नाहीत, त्यानं.

वर्ध्याची सिस्टर :
कांद्यावर भांडू नका, हे वाचा. ऊन लागलेला माणूस बरळतो, झोकांड्या खातो. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे एक मुलगा आणला. बसस्टँडसमोर गाडीवरून पडला होता आणि लोक तासभर "पिऊन पडलाय" म्हणून बाजूने जात होते. एकानेही वास घेऊन पाहिला नाही. असा कुणी दिसला तर आधी सावलीत घ्या, हेल्मेट काढा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पनवेल-उरण :
कूलरचा दाखला तुमच्याकडे ठीक, आमच्याकडे उपयोगाचा नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला कार्यक्रमात उन्हात बसलेली माणसं गेली. पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. दमट हवेत घाम नीट उडतच नाही, ओली बनियन नुसती चिकटते. इथे वेळ टाळणे आणि थांबणे, एवढंच हातात आहे.

अंबानाला :
हे मान्य. मी विदर्भापुरतं बोलत होतो, तसं लिहायला हवं होतं. आणि थांबणं सगळीकडेच. दर ४०-४५ मिनिटांनी, तहान लागो न लागो.

दाताळा रोड :
थांबू कुठं? सावली दाखवा मले.

मूर्तिजापूर स्टेशन :
हेच विचारा! २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर टाकून जागतिक विक्रम केला. त्याच मार्गावर मला दुपारी गाडी लावायला सावली शोधावी लागते. लहानपणी दोन्ही बाजूंनी कडुनिंब, चिंच, वड होते. बुंध्यांना चुन्या-गेरूचे पट्टे. बैलगाड्या, ट्रक, सायकली सगळे खाली विसावायचे. आता दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल. ती सावली कुणाला पुरणार? समृद्धीवर तर दुचाकीला बंदीच, म्हणजे आम्ही याच तव्यावर.

पुणे-सोलापूर :
झाडांचं फार कौतुक चाललंय. माझा सख्खा काका जुन्या दुपदरी रस्त्यावर, समोरून येणाऱ्या ट्रकला चुकवताना चिंचेवर आदळून गेला. रस्ता रुंद झाला ते बरं झालं. विषय गाडी चालवण्याचा आहे, तिथे या.

मूर्तिजापूर स्टेशन :
काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण त्यांना अरुंद रस्त्याने मारलं, चिंचेने नाही. झाड रस्त्यापासून वीस फूट आत लावता येतं. तोडायला आठवडा लागला, लावायला अजून कुणाला वेळ नाही. आणि सावली हा गाडी चालवण्याचाच विषय आहे, तुम्ही एसी गाडीतून जाता म्हणून तुम्हाला दिसत नाही.

पुणे-सोलापूर :
मी कशातून जातो ते तुम्हाला काय माहीत? अकरा वर्षं बाईकच आहे. वीस फूट आत लावणार असतील तर माझी हरकत नाही, एवढंच लिहितो.

दाताळा रोड :
बाकीचे भांडा. मी वरचं पुन्हा वाचलं. पार्सलचं मी बोललो ते माह्याच पोराचं. त्याची वेळच बारा ते चार आहे, न गेला तर पैसे कापते. आमच्या घरून टीशर्टवरच जाते तो, मीच सांगितलं होतं. ओल्या बनियनचं आज सांगतो. आणखी काय सांगू?

अंबानाला :
दोन बाटल्या पाणी, त्यातल्या एकीत मीठ-साखर-लिंबू. प्रत्येक पार्सल दिल्यावर चार घोट, मोजून. ज्या घरी देईल तिथेच दुपट्टा ओला करून मागावा, लाजू नये. टायरची हवा सकाळी गार असताना तपासावी. आणि दोन वाजता तुम्ही त्याला फोन करा. घरचा पत्ता विचारा. अडखळला तर गाडी लावून सावलीत बसायला सांगा आणि तुम्ही निघा.

दाताळा रोड :
करतो फोन. दोनले.