आईच्या दातांवर टार्टर इतक्या लवकर का साठतं? लाळेमुळे असेल का? मदत हवी आहे

मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

आई ६४ वर्षांची आहे. आजवर तिचा एकही दात किडला नाही, कधी सिमेंट भरावं लागलं नाही. पण खालच्या पुढच्या दातांना आतून, जिभेच्या बाजूने, पिवळट दगडासारखा थर धरतो. दवाखान्यात जाऊन साफ करून आणलं तरी काही महिन्यांत जिभेला पुन्हा खरखर लागते. वरच्या दाढांना गालाच्या बाजूनेही तेच. हल्ली ब्रश करताना रक्त येतं, आणि दोन दातांमधली हिरडी फुगून वर आलेली दिसते. दर वेळी तिला ऐकवतात, "काकू, तुम्ही नीट घासत नाही." ती दोन्ही वेळा मन लावून घासते, मी रोज बघते. तिच्या मनाला हे इतकं लागलंय की आता डेंटिस्टकडे जायचंच नाही म्हणते. मला खरी काळजी त्याचीच आहे.

मी जे वाचलं त्यावरून एवढं कळलं की थर नेमका त्या दोन जागी धरण्याला कारण आहे. लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात, जिभेखाली आणि वरच्या दाढांसमोर गालात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. एनॅमलची, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणाची, बारीकसारीक झीज त्यानेच भरून निघते. पण दातावर प्लाक, म्हणजे जंतूंचा मऊ चिकट थर, राहिला की तेच क्षार त्यात बसतात. एक-दोन दिवसांत तो घट्ट व्हायला लागतो आणि दोनेक आठवड्यांत ब्रशला दाद देत नाही. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळतं, ७ च्या वर राहिला की क्षार लवकर बसतात. कीड नाही पण टार्टर भरपूर, हे आईच्या बाबतीत अगदी जुळतंय.

हिरड्यांचं मात्र सगळं लाळेवर ढकलता येत नाही. सूज आणतात ते टार्टरच्या खडबडीत पाठीवर बसलेले जंतू. हिरडीच्या आत जो काळपट थर धरतो, त्याला क्षार लाळेतून नाही, हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातून मिळतात. शिवाय आई बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेते, त्याने काहींच्या हिरड्या वाढतात. शुगर काठावर आहे, रात्री तोंडही कोरडं पडतं.

शेजारच्या काकूंनी दूध बंद करायला सांगितलं होतं, ते मी पुन्हा सुरू करायला लावलं. दुधातलं कॅल्शियम काही असं थेट लाळेत उतरत नाही. लिंबू-सोडा चोळायचा सल्लाही मिळाला. कृपया तो कोणी देऊ नका. टार्टर आणि एनॅमल दोन्ही मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचेच, त्यामुळे जे आम्ल एकाला विरघळवेल ते दुसऱ्यालाही सोडणार नाही.

आता विचारायचं ते असं. लाळ किती सुटते हे कोणी मोजून घेतलंय का? काही न चघळता मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी सुटली तर ती फारच कमी धरतात, पण ही तपासणी साध्या दवाखान्यात करतात की डेंटल कॉलेजला जावं लागतं? पायरोफॉस्फेट किंवा झिंक सायट्रेट असलेल्या पेस्टने नवा थर हळू धरतो म्हणतात. जुना निघत नाही हे माहीत आहे, पण वापरणाऱ्यांना फरक जाणवला का? दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश या वयात हाताला जमतो का?

अ‍ॅम्लोडिपिन बदलल्यावर कोणाच्या घरी हिरड्या उतरल्या असतील तर जरूर लिहा. गोळीला आम्ही परस्पर हात लावणार नाही, फिजिशियनशी बोलताना नेमकं काय विचारायचं ते कळेल.

आणि नाशिकमध्ये हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, कोणी माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वयस्कर पेशंटचं आधी ऐकून घेणारे हवेत, नाहीतर आई खुर्चीवर बसायचीच नाही.