सॅम बर्जेस युनियनमध्ये का रुजला नाही?

नवा_प्रेक्षक:
रग्बी लीग नुकतंच बघायला लागलोय. सॅम बर्जेसबद्दल दोन टोकाची मतं वाचली. लीगमध्ये त्याला डोक्यावर घेतात आणि २०१५च्या युनियन विश्वचषकाचा विषय निघाला की त्याच्याच नावाने खडे फोडतात. लीग आणि युनियन हे रग्बीचे दोन प्रकार इतके सारखे असताना वर्षभरात असं काय बिघडलं?

तेरा_नंबर:
सारखे दिसतात, पण टॅकल झाल्यावर (चेंडूवाल्याला धरून पाडल्यावर) दोन्ही खेळ वेगळ्या वाटेने जातात.

आधी पार्श्वभूमी. ड्यूजबरीत १९८८चा जन्म, २००६ पासून ब्रॅडफर्ड बुल्स, २०१० पासून सिडनीचा साउथ सिडनी क्लब. ऑस्ट्रेलियन लीगच्या २०१४च्या अंतिम सामन्यात पहिल्याच धडकेत प्रतिस्पर्धी जेम्स ग्रॅहमच्या डोक्यावर आपटून त्याच्या गालाचं हाड मोडलं, तरी तो खेळत राहिला. साउथ्सने बुलडॉग्जला ३०-६ हरवलं, १९७१ नंतरचं पहिलं विजेतेपद, आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदकही त्यालाच. मग तो युनियनकडे, बाथ क्लबला गेला.

त्या सामन्यात तो १३ नंबरवर, म्हणजे लॉक होता. इंग्लंडमध्ये याच जागेला लूज फॉरवर्ड म्हणतात. काम मैदानाच्या मधल्या पट्ट्यात: धडक मारायची, पडताना कोपर-गुडघ्यांवर पडायचं, झटकन उठून पायाने चेंडू मागे सरकवायचा. हा प्ले-द-बॉल जितका लवकर, तितके नियमाने १० मीटर मागे हटणारे समोरचे खेळाडू विस्कळीत. चेंडू हिसकावला जाण्याची धास्ती जवळपास नाही, म्हणून साथीदारांच्या बराच पुढे घुसलं तरी चालतं.

युनियनमध्ये हेच अंगाशी येतं. खाली पडलं की चेंडू सोडावा लागतो. साथीदार लगेच पोहोचला नाही तर समोरचा त्यावर हात घालतो आणि पेनल्टी मिळवतो. जितकं पुढे घुसाल तितके एकटे पडाल.

ब्लाइंडसाइड:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण खरी चूक जागेची. बाथचे प्रशिक्षक माइक फोर्ड यांनी सेंटरला (मागच्या फळीच्या मध्यावर) खेळवून पाहिल्यावर त्याला ६ नंबरवर, ब्लाइंडसाइड फ्लँकरला (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) आणलं. इंग्लंडचे प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर यांनी विश्वचषकात त्याला पुन्हा १२ नंबरवर, इनसाइड सेंटरला उभं केलं.

लीगच्या मधल्या फळीत दोन्ही हातांना माणूस असतो, टॅकलला तिघे जुंपतात. युनियनमध्ये स्क्रम (दोन्ही संघांची रेटारेटी) किंवा लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू आत फेकणं) असताना फॉरवर्ड, म्हणजे पुढची दणकट फळी, एका जागी गोळा झालेले. बाकीची रुंदी मोजक्या बॅक्सनी, म्हणजे मागच्या फळीने, सांभाळायची. लाइनआउटला बॅक्स १० मीटर मागे, स्क्रमला शेवटच्या पायापासून ५ मीटर मागे. तिथून १२ नंबरने क्षणात ठरवायचं: वर धावायचं की बाहेर सरकायचं. एक पाऊल चुकलं की १० (फ्लाय-हाफ) आणि १२च्या मध्ये दार उघडलं. टॅकल कितीही जोरदार असो, हा निर्णय सरावानेच येतो, आणि गालाच्या दुखापतीमुळे बाथकडून पदार्पणच नोव्हेंबर २०१४ अखेरीस झालं. म्हणजे विश्वचषकाआधी हाती जेमतेम दहा महिने, तेही दोन जागांत वाटलेले! फ्लँकरला निदान त्याची धडक आणि टॅकल रोज वापरात आले असते.

अँडी फॅरेलचं उदाहरण ताजं असताना हे व्हावं याचं नवल वाटतं. लीगमधल्या विगनचा लूज फॉरवर्ड, २००५ मध्ये युनियनच्या सॅरासेन्सकडे, मग दुखापती, आणि तोच घोळ: फ्लँकर की सेंटर? लीगमधूनच आलेला जेसन रॉबिन्सन जमला, पण तो मुळातच बॅक.

नवा_प्रेक्षक:
मग त्या विश्वचषकातला वेल्सविरुद्धचा पराभव त्याच्याच माथी का?

तेरा_नंबर:
सोपा बकरा सापडला म्हणून. २६ सप्टेंबर २०१५ला त्याच्यासमोर जेमी रॉबर्ट्स होता आणि बर्जेसला बदललं तेव्हा इंग्लंड आघाडीवर होतं. जॉर्ज फोर्ड आत आला, ओवेन फॅरेल १२ला सरकला, त्यानंतर वेल्सने २८-२५ असा सामना काढला. शेवटी पेनल्टीवर बरोबरीची किक न घेता कोपऱ्यात मारून लाइनआउट घेण्याचा निर्णय कर्णधार रॉबशॉचा. तेव्हा बर्जेस मैदानातही नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियाकडून १३-३३ हरून इंग्लंड गटातच बाद झालं.

नोव्हेंबरात तो साउथ्सकडे परतला, २०१७च्या लीग विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला (ऑस्ट्रेलियाने ६-० जिंकला), आणि खांद्याच्या दुखापतीने २०१९ मध्ये निवृत्ती घ्यायला लावली. २०२४ मध्ये तो इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन या लीग क्लबचा प्रशिक्षक झाला.

बघायचंच असेल तर २०१४चा अंतिम सामना लावा आणि चेंडू सोडून फक्त १३ नंबरवर नजर ठेवा, विशेषतः तो टॅकल होऊन खाली पडतो तेव्हा.