12 हजारांत मोठी दुर्बीण घेऊ की आणखी काही? तारे रेघा होतायत

कृत्तिका_वाई:
नमस्कार. माझ्याकडे 130 मिमी आरशाची, 650 मिमी नाभीय अंतराची न्यूटनियन दुर्बीण आहे. ईक्यू-2 माउंट (दुर्बिणीचा फिरता स्टँड), मोटर नाही. भावाचा जुना कॅनन 1100डी आणि 50 मिमी एफ/1.8 लेन्स आहे. मृगातला तेजोमेघ टिपायचाय. नेत्रिकेतून तो राखाडी पंखांसारखा सुंदर दिसतो, पण कॅमेरा लावला की फोकसर पूर्ण आत ढकलूनही चित्र धूसरच. बार्लो (नाभीय अंतर दुप्पट करणारं भिंग) घातल्यावर फोकस मिळतो, तर दोन सेकंदांत ताऱ्यांच्या रेघा. शिकवण्या घेऊन 12 हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो 8 इंची नळी घ्या, प्रकाश जास्त येईल. घेऊ का? गच्चीवरून उत्तरेला शेजारचं आंब्याचं झाड आहे, ध्रुव दिसत नाही.

फिटर_काका:
ताई, ती नळी घेऊ नका. तुमचं माउंट तिचं ओझं पेलणार नाही. आणि तुम्हाला प्रकाश कमी पडत नाहीये, आकाश थांबत नाहीये.

हिशोब बघा. आकाश सेकंदाला 15 विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). 650 मिमीवर तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण 1.65 विकलांचा, म्हणजे एका सेकंदात तारा नऊ पिक्सेल पळाला. बार्लोने अठरा. तोच कॅमेरा 50 मिमी लेन्सवर लावला तर पिक्सेल 21 विकलांचा होतो. म्हणून पहिला हिवाळा लेन्सवर काढा आणि तिच्याखाली बिजागरीचा ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारी चौकट, बनवा. मी आयटीआयमध्ये फिटर शिकवायचो, पोरांकडून असे तीन करून घेतलेत.

दोन जाड प्लायच्या फळ्या, एक घट्ट बिजागरी, एक एम6 बोल्ट. एम6 चा आटा 1 मिमीचा असतो. बिजागरीच्या पिनेपासून बोल्टच्या मध्यापर्यंत 228.5 मिमी अंतर ठेवा, मग मिनिटाला बरोबर एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडते. अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी 50 मिमीला चालतं. बिजागरी मात्र ढिली नको, पिनेत खेळ असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. उत्तरेकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला यायला हवी. सुरुवातीला हातानेच फिरवा, दर 15 सेकंदांनी पाव फेरा. जमलं की मिनिटाला एक फेरा देणारी छोटी मोटर जोडा. बोल्ट सरळ असल्याने दहा-पंधरा मिनिटांनी चूक वाढू लागते, तेव्हा तो मागे घेऊन पुन्हा सुरू करायचं.

देवयानी_नाशिक:
आंब्याची काळजी नको. बिजागरीची पिन ध्रुवाकडे रोखायची असते, पण त्यासाठी तो दिसायलाच हवा असं नाही. वाईहून ध्रुव जवळजवळ 18 अंश उंचीवर, तेवढा कोन मोबाइलच्या लेव्हलने बसतो. दिशा होकायंत्राने घ्या, आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. फक्त गच्चीच्या लोखंडी कठड्यापासून लांब उभ्या राहा. एक अंश चुकलात तरी 30 सेकंदांत आठ विकलाच सरक येते, पिक्सेलच्या आत.

फोटो एक नको, शंभर काढा. प्रत्येकी 30 सेकंद, लेन्स एफ/2.8 वर. शेवटी झाकण लावून तेवढ्याच वेळाचे वीस काढा, कॅमेऱ्याची स्वतःची खरखर वजा करायला. सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एकावर एक रचा. शंभरांनी खरखर दहापट कमी होते.

फिटर_काका:
फोकसचं राहिलंच. आरशाचा सेल (आरसा धरणारी बैठक) नळीत तीसेक मिमी वर सरकवावा लागेल, मागच्या तीन स्क्रूंसाठी नवी भोकं पाडून. भोकं पाडण्याआधी आरसा बाहेर काढून कापडाखाली ठेवा. धातूचा कीस त्याच्यावर पडला तर लेप जातो. पण हे चंद्रासाठी करा, थेट कॅमेऱ्यावर तो 6 मिमीचा येईल. तेजोमेघासाठी त्या माउंटवर अडकू नका.

कृत्तिका_वाई:
काका, ट्रॅकर झाला! बिजागरी दोनदा बदलावी लागली. काल साडेदहापर्यंत हाताने फेरे दिले, 62 फोटो, त्यातले 41 घेतले. तेजोमेघ जेमतेम दीडशे पिक्सेलचा आहे, पण गुलाबी आहे. आईला उठवून दाखवला. अकराच्या सुमारास लेन्सवर दव धरलं, त्याला काय करू?

देवयानी_नाशिक:
पुठ्ठ्याची लांब नळी लेन्सला घाला, आणि मध्येमध्ये हेअर ड्रायर लांबून.